१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा न आल्याची करामत

प्रश्न थोडक्यात असा. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण ब्राउझरमध्ये तोच गुणाकार केला की शेवटी ३२० येतं आणि एक्सेलमध्ये ३००. मग खरं उत्तर कोणतं? दहा एक घेतले की हा चढ-उतार का मोडतो? आणि या संख्येत याहून जास्त काही आहे का?

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देता येतं. ज्या संख्येच्या एककस्थानी १ आहे, तिच्या वर्गाच्या एककस्थानीही १च असतो. त्यामुळे ३२० आणि ३०० ही दोन्ही उत्तरं न मोजताच बाद होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचं उत्तर मात्र एकाच गोष्टीत दडलं आहे: या गुणाकारात कुठेही हातचा येत नाही. या संख्येबद्दल जे जे चमत्कार म्हणून सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं हातचा न आल्यामुळे आहे. उरलेलं थोडं खरोखर संख्येचं स्वतःचं आहे. हे दोन ढीग वेगळे करता आले की विषय समजला.

शाळेतल्यासारखी उभी मांडणी करा. लहान उदाहरण पुरेसं आहे, चार एकांचं:

११११ × ११११ =
११११
+ ११११०
+ ११११००
+ ११११०००
= १२३४३२१

एककाच्या रकान्यात एकच १ आहे, दशकाच्या रकान्यात दोन, पुढे तीन, मग चार. चौथ्या रकान्यानंतर वरच्या ओळी संपायला लागतात, म्हणून संख्या पुन्हा तीन, दोन, एक अशी उतरते. नऊ एकांसाठी नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. एकूण रकाने १७. सगळ्यात गर्दीचा रकाना मधला, त्यात बरोबर नऊ १ असतात. नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक. त्यामुळे प्रत्येक रकान्याची बेरीज जशीच्या तशी खाली उतरते आणि १, २, ३ … ९ … ३, २, १ ही मोजणीच उत्तर म्हणून वाचता येते.

पडताळणीसाठी सतरा रकाने मांडायची गरज नाही. कागदावर करायचं असेल तर ११११११११ असं भलतंच काहीतरी लिहिण्याचा धोका असतो (एक १ गळणं ही इथली सर्वांत सामान्य चूक, लिहिताना तीन-तीनचे गट पाडा: १११ १११ १११). दोन सोप्या वाटा आहेत.

पहिली वाट. संख्येचे शेवटचे ११११ आणि त्याआधीचे १११११ असे दोन तुकडे करा. म्हणजे १११११ × १०००० + ११११. आता तीन लहान गुणाकार करायचे: १११११ चा वर्ग १२३४५४३२१, १११११ × ११११ ची दुप्पट २४६८८६४२, ११११ चा वर्ग १२३४३२१. पहिल्याला आठ शून्यं, दुसऱ्याला चार शून्यं लावून बेरीज करायची. ती करताना उजवीकडची आठ घरं वेगळी ठेवा. दुसऱ्या पदाला शून्यं लावल्यावर ते २४६८८६४२०००० होतं. त्याची उजवी आठ घरं ८६४२००००, डावीकडे उरले २४६८. उजवीकडे ८६४२०००० + १२३४३२१ = ८७६५४३२१. डावीकडे १२३४५४३२१ + २४६८ = १२३४५६७८९. दोन्ही जोडले की १२३४५६७८९ ८७६५४३२१. एक्सेलमध्ये अचूक उत्तर हवं असेल तरी हीच युक्ती वापरा, कारण यातला एकही तुकडा बारा अंकांच्या वर जात नाही. फक्त शेवटी दोन तुकडे मजकूर म्हणून जोडायचे, संख्या म्हणून नाही.

दुसरी वाट आणखी छोटी आहे, आणि तिच्यात एक गुपित आहे. १११११११११ = ९ × १२३४५६७९. (होय, ८ नाही, त्याबद्दल पुढे.) म्हणून वर्ग = १२३४५६७९ × ९ × १११११११११ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९. नऊ नवांनी गुणणं म्हणजे नऊ शून्यं लावून मूळ संख्या एकदा वजा करणं:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

वैदिक गणिताच्या वर्गात ‘एकन्यूनेन पूर्वेण’ म्हणून शिकवतात ते हेच: डावा भाग एकने कमी, उजवा भाग नऊ-पूरक (प्रत्येक अंक नवातून वजा). डावीकडे १२३४५६७९ मधून एक गेला आणि हरवलेला ८ परत आला. उजवीकडे ९८७६५४३२१ उरले. याच मांडणीतून हेही दिसतं की संख्या आठव्या अंकानंतर कापली तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. हा योगायोग नाही. नऊ नवांनी गुणलेल्या कोणत्याही नऊ अंकांपर्यंतच्या संख्येचं असंच होतं.

चूक पकडायला नवांची कसोटी सगळे लावतात. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ ने भाग जातो, ठीक. पण ही कसोटी अंकांची अदलाबदल पकडत नाही. मधले दोन अंक उलटे टंकले गेले (…८९७८… असे) तरी बेरीज ८१च राहते. म्हणून सोबत अकराची कसोटी लावा: एकाआड एक अंक अधिक-उणे करत गेलं की १ − २ + ३ − ४ + … + १ = १ येतं, आणि १११११११११ ला ११ ने भागल्यावर बाकी १ उरते, तिचा वर्ग १. शेजारचे दोन वेगळे अंक बदलले गेले तर ही कसोटी नापास होतेच.

आता यंत्रांबद्दल. ब्राउझरची जावास्क्रिप्ट साधी संख्या ५३ बिटांच्या अचूकतेत ठेवते. २ चा ५३वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे. तिथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी मावते. त्यापुढे २ च्या ५४व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांना जागा आहे. आपली संख्या या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, त्यामुळे तिला जागाच नाही. …३२० आणि …३२२ यांच्या बरोबर मध्ये ती अडकते. अशा बरोबरीत नियम असा की ज्या शेजाऱ्याचा साठवलेला भाग (या पट्ट्यात संख्येची निमपट) सम आहे, तो घ्यायचा. …३२० ची निमपट ६१७२८३९४९३८२७१६० सम आहे, म्हणून उत्तर ३२०. एक्सेलची गोष्ट त्याहून सरळ: ते १५ सार्थ अंकांपुढे शून्यं दाखवतं, म्हणून १२३४५६७८९८७६५४३००. पेशीत ही संख्या हाताने टंकली तरी शेवटचे दोन अंक कायमचे जातात. आधी अवतरणचिन्ह लावून मजकूर म्हणून भरली तरच टिकतात. दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९९ × १० चा १६वा घात दाखवतो. ते निदान गोळाबेरीज असल्याचं प्रामाणिकपणे सांगतं.

सर्वांत फसवं उत्तर जावाच्या ३२ बिटी ‘इंट’ प्रकारात मिळतं: १६५३७३२५२९. ना ऋण चिन्ह, ना चूक दाखवणारा संदेश. खऱ्या उत्तराला २ च्या ३२व्या घाताने भागून उरलेली ती बाकी आहे. ६४ बिटी ‘लाँग’ घेतला तर दहा एकांचा वर्गही मावतो, अकरा एकांचा मावत नाही. पायथनमध्ये पूर्ण संख्यांना अशी मर्यादा नाही. जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट हा मोठ्या पूर्ण संख्यांचा प्रकार वापरा. पण दोन्ही अवयव बिगइंट हवेत आणि गुणाकाराआधीच. आधी गुणून मग रूपांतर केलं तर ३२०च हातात येतं, फक्त जास्त दिमाखात.

दहा एकांकडे वळू. मधल्या रकान्यात आता दहा १ आहेत. दहा एका घरात मावत नाहीत: तिथे ० राहतो, हातचा १. डावीकडच्या घरात ९ होते, त्यांचे दहा झाले: पुन्हा ०, हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, त्यांचे ९ झाले आणि साखळी थांबली. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवी बाजू शाबूत आहे, कारण हातचा नेहमी डावीकडे जातो. मोडतोड फक्त डाव्या चढावर झाली.

अंकांच्या बेरजेतही हे नेमकं दिसतं. हातचा नसेल तर बेरीज एकांच्या संख्येच्या वर्गाइतकी असते: नऊ एकांना ८१, म्हणून दहांना १०० हवी होती. प्रत्यक्षात ८२ आहे. प्रत्येक हातच्यात दहा देऊन एक मिळतो, म्हणजे बेरीज ९ ने घटते. दोन हातचे, १८ ची घट. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. बेरीज १२१ ऐवजी ८५, घट ३६, म्हणजे चार हातचे. मोजून पाहा, चारच आहेत.

‘पुढे कधीतरी पुन्हा उलटसुलट सारखी संख्या येत असेल’ अशी आशा काहींना असते. येत नाही, आणि सिद्धता दोन ओळींची आहे. दहा किंवा जास्त एक घेतले की वर्गाचे पहिले आठ अंक १२३४५६७९ असतात आणि शेवटचे नऊ ९८७६५४३२१. डावीकडून आठवा अंक ९, उजवीकडून आठवा ८. जुळणं अशक्य.

हे १२३४५६७९ पुन्हा पुन्हा का डोकावतं? कारण १ भागिले ८१ म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… १ भागिले ९ म्हणजे ०.१११…, त्याचा वर्ग म्हणजे न संपणाऱ्या एकांचा वर्ग. रकान्यांत १, २, ३, … ८, ९, १०, ११, १२ असं चढतच जातं. दहाचा हातचा नवाला दहा करतो, तो हातचा आठाला नऊ करतो. म्हणून आठाच्या जागी ९ दिसतो, नवाच्या जागी ०, आणि ८ गायब. १२३४५६७९ ला ९ ते ८१ मधल्या ९ च्या पटीने गुणलं की एकच अंक नऊ वेळा येतो (६३ ने गुणा, नऊ साते मिळतील), ही जुनी करमणूक याच वस्तूची दुसरी बाजू आहे.

माझ्या मते या संख्येतला सर्वांत मोलाचा भाग मात्र वेगळाच आहे, आणि तो फॉरवर्डमध्ये सहसा नसतो. दोन साधे फासे टाका. बेरीज २ एकाच रीतीने येते, ३ दोन रीतींनी, ४ तीन, … ७ सहा रीतींनी, मग उतरत १२ एका रीतीने. रीतींची यादी: १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. हीच सहा एकांच्या वर्गाची अंकमाला आहे, १२३४५६५४३२१. कारण तेच. सहा एकांची संख्या १११ १११ घ्या. त्यातला प्रत्येक १ म्हणजे फाशाची एक बाजू. वरच्या प्रत्येक १ ने खालच्या प्रत्येक १ ला गुणलं की ३६ गुणाकार होतात, आणि प्रत्येक जण दोघांच्या स्थानांच्या बेरजेने ठरणाऱ्या रकान्यात जाऊन पडतो. फाशांची जोडी हेच करते.

आपल्या संख्येसाठी दोन डब्यांत १ ते ९ आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवा आणि प्रत्येकातून एक काढा. ८१ जोड्या, बेरजा २ ते १८, एकूण १७ शक्यता. बेरीज १० नऊ रीतींनी येते. तो मधला ९. म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ हा या खेळाचा संपूर्ण तक्ता आहे, एका संख्येत घडी घालून ठेवलेला.

घडी घातलेला तक्ता संख्या म्हणून फोडता येतो, हा पुढचा फायदा. १११११११११ = १११ × १००१००१. म्हणून वर्गात दोन १११ आणि दोन १००१००१ आहेत. त्यांची गटवारी बदला: दोन्ही १११ एकत्र, दोन्ही १००१००१ एकत्र.

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३२१ × १००२००३००२००१

आता हे दोन अवयव चिठ्ठ्या म्हणून वाचा. एककस्थान म्हणजे आकडा १, दशकस्थान म्हणजे २, असं पुढे. १२३२१ म्हणजे १, २, २, ३, ३, ३, ४, ४, ५ या नऊ चिठ्ठ्या. दुसरा अवयव म्हणजे १, ४, ४, ७, ७, ७, १०, १०, १३ या नऊ. या विचित्र डब्यांतून एकेक चिठ्ठी काढली तरी प्रत्येक बेरजेची शक्यता १ ते ९ च्या साध्या डब्यांइतकीच येते. तपासायला बेरीज ९ घ्या: दुसऱ्या डब्यातला ७ (तीन चिठ्ठ्या) आणि पहिल्यातला २ (दोन) मिळून सहा रीती, ४ (दोन) आणि ५ (एक) मिळून दोन, एकूण आठ. संख्येतही नवाच्या शेजारी ८ आहे. १ पासून सुरू होणारे धन पूर्णांक आणि प्रत्येक डब्यात नऊ चिठ्ठ्या अशी अट ठेवली तर साध्या जोडीखेरीज ही एकच जोडी शक्य आहे.

सहा बाजूंच्या फाशांची अशी जोडी जॉर्ज सिचरमन यांनी शोधली आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७८ मध्ये ती लोकांसमोर आणली: एका फाशावर १, २, २, ३, ३, ४ आणि दुसऱ्यावर १, ३, ४, ५, ६, ८. संख्यांच्या भाषेत १२२१ × १०११११०१ = १२३४५६५४३२१. गुणून बघा, कुठेही हातचा येत नाही.

इथे एक खड्डा आहे. १११११११११ = ३३३ × ३३३६६७ ही फोडही बरोबर आहे, पण तिच्यातून चिठ्ठ्या मिळत नाहीत, कारण तो गुणाकार हातच्यांवर चालतो. हातचा आला की रकाने एकमेकांत मिसळतात आणि ‘किती रीती’ हा अर्थ पुसला जातो. तक्ता म्हणून वाचायचं असेल तर फक्त हातचा नसलेल्या फोडी चालतात.

संख्येची पूर्ण फोड अशी: १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५; पूर्ण वर्ग असल्यामुळे ती विषम येणारच. ३३३६६७ मूळ संख्या आहे हे हाताने तपासायचं तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०६ मूळ संख्यांनी भागत बसू नका. ही संख्या नऊ नवांना भागते. म्हणून तिच्या कोणत्याही मूळ अवयवाने १० च्या नवव्या घाताला भागलं तर बाकी १ उरते. बाकी १ देणारा १० चा सर्वांत लहान घात मग पहिला, तिसरा किंवा नववा असला पाहिजे. पहिल्या दोन शक्यतांत अवयव ३ किंवा ३७ ठरतो, आणि ३३३६६७ ला दोन्हींनी भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ते बाद. उरते नववा घात, आणि तेव्हा अवयव १८ च्या पटीपेक्षा एकने जास्त असावा लागतो. तसे उमेदवार १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७ एवढेच. सोळा भागाकारांत काम संपतं. शेवटच्या ५७७ ला बाकी १६१ उरते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते: ज्या मूळ संख्येच्या व्यस्ताचा दशांश विस्तार बरोबर नऊ अंकांनी पुन्हा सुरू होतो अशी ३३३६६७ ही एकमेव मूळ संख्या आहे. १ भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७ ०००००२९९७…

या संख्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १, १२१, १२३२१, … १२३४५६७८९८७६५४३२१ या नऊ संख्यांना डेमलो संख्या म्हणतात. नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिलं, जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावरून. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ६१७४ मुळे ते जगाला माहीत आहेत, पण डेमलो संख्यांची त्यांची कल्पना एकांच्या वर्गांपुरती नव्हती. संख्येचे तीन भाग पाडायचे. डावा आणि उजवा भाग मिळवले की मधल्या भागातलाच अंक पुन्हा पुन्हा यावा. २५५३ मध्ये २ + ३ = ५. ४७७७३ मध्ये ४ + ३ = ७. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९. कापरेकर संख्या म्हणून ओळखली जाणारी जातही इथे भेटते: आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, ८१ ने, गुणलं की ९९९९९९९९८००००००००१ येतं. तो ९९९९९९९९९ चा वर्ग, आणि त्याचे दोन भाग मिळवले की ९९९९९९९९९ परत.

कापरेकरांच्या हजारभर वर्षं आधी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात अशा गुणाकारांची उदाहरणं घातली आहेत. त्यात १२३४५६७९ × ९ आहे, आणि २७९९४६८१ × ४४१ देखील, ज्याचं उत्तर १२३४५६५४३२१. एकपासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या असं तिचं वर्णन त्यांनी केलं आहे. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ × ५२९१ म्हणजे सहा एक. उदाहरण उगाच निवडलेलं नाही.

राहिला प्रश्न यातलं ‘खरं’ काय. पूर्ण वर्ग असणं, ४५ विभाजक असणं, ३३३६६७ ने दोनदा भाग जाणं हे कुठल्याही पायात (दहाऐवजी आठ, बारा अशा आधारसंख्येत) लिहिलं तरी राहतं. चढ-उतार, उलटसुलट सारखं असणं, अंकांची बेरीज ८१ हे सगळं दशमान लेखनाचं. आठाच्या पायात मर्यादा सात एकांवर येते: तिथे सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो. तो आपल्या दशमानात ८९७५५९६५६४९ आहे, आणि त्यात पाहण्यासारखं काही उरत नाही.

दशमानातच राहून दहा एकांचा चढ-उतार वाचवायचा असेल तर घर मोठं करा: एकांच्या मध्ये एकेक शून्य घाला. १०१०१०१०१०१०१०१०१०१ या संख्येत दहा १ आहेत. तिचा वर्ग दोन-दोन अंकांच्या घरांत १ ०२ ०३ ०४ ०५ ०६ ०७ ०८ ०९ १० ०९ ०८ ०७ ०६ ०५ ०४ ०३ ०२ ०१ असा येतो. एका घरात आता ९९ पर्यंत मावतात, म्हणून ही सोय ९९ एकांपर्यंत चालते. आणि या वर्गातली भरतीची शून्यं काढून टाकली, दहाचा १० तेवढा अखंड ठेवला, तर १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या उरते. ती वर्ग तर नाहीच. तिला १ आणि स्वतःखेरीज विभाजकच नाही, ती मूळ संख्या आहे.